निरोचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालावं तर कृष्णनाथानेच! हे मी म्हणत नाही, अख्खं तुयें गाव म्हणतं. (आता मीच कृष्णनाथ, त्यामुळे ते तुम्हाला मलाच सांगावं लागतंय, एवढंच.) ज्यांना गाऱ्हाणं ठाऊक नाही अशा दुर्दैवी वाचकांसाठी सांगतो. आमच्या पेडणे तालुक्यात नवं घर, नवी गाडी, नवी सून, काहीही यायचं झालं की देवापुढे नारळ ठेवतात आणि एकाने उभं राहून देवाला मोठ्याने सगळं सांगायचं. काय हवं, कोण आडवं येतंय, काम झालं तर बदल्यात आपण काय करणार! दर वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" एकदा ते म्हटलं की देवाने ऐकलं आणि माणूस बांधला गेला. माझ्या गाऱ्हाण्याने शेजाऱ्यांच्या बंद फ्रीजने बर्फ धरलाय! एवढी कला अंगी असताना मी आमच्या पोरांचं करिअर मार्गी लावू शकणार नाही?

पोरं म्हणजे 'निरो'. निरो म्हणजे काजूच्या बोंडूतून न पिळता आपसूक टपकणारा रस, सगळ्यात गोड. हे नाव घेतलेली जोडी म्हणजे माझी मुलगी गौरवी आणि लाटंबार्शाच्या माझ्या धाकट्या बहिणीचा, विनिताचा, मुलगा साईश. दोघं मिळून नाचायचं संगीत करतात. तबला नाही, पेटी नाही, गळा नाही. एक लॅपटॉप, दोन चकत्या आणि शे-दीडशे बटणं! नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, "रोम जळत असताना फिडल वाजवणारा तो निरो ना? बरोबर जुळतं!" दोघांनी माझ्याशी अबोला धरला.

तो मोडला आमच्या कारखान्याने. तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवतो आणि मी तिथे सुपरवायझर आहे. पुठ्ठा कापायचं आमचं यंत्र दिवसभर ठक्-ठक्-सूंऽऽ करतं. नोकरीला लागल्यापासून मी त्याला शिव्या घालत आलोय. ही दोघं एकदा माझा डबा घेऊन आली आणि मोबाइल धरून त्या यंत्रासमोर पूजेला उभं राहावं तशी उभी राहिली. पुढच्या आठवड्यात माझ्या कानांत ती मोबाइलवर ऐकायची बोंडं घातली आणि म्हणाली, आयक. अहो, तेच ठक्-ठक्-सूं! पण त्याच्या खालून गौरवीने असं काहीतरी खोल, संथ सोडलं होतं की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्याला मी जन्मभर कटकट म्हटलं, त्याच्यात हे होतं? डोळ्यांत पाणी आलं. विमलाने, माझ्या बायकोने, विचारलं तेव्हा सांगितलं की बोंडं कानात रुतली.

त्यानंतर जोडीने बरंच काही वाजवलं. लग्नं वाजवली, वाढदिवस वाजवले. मुळगावात एक बारसं वाजवलं, त्यात बाळ शांत झोपलं आणि पाहुणे उठून गेले! विनिताचा धीर तिथेच सुटला.

अशात मांद्र्याच्या समुद्रकिनारी मोठा महोत्सव ठरला आणि सूर्यास्ताची वेळ निरोला मिळाली. युरोपभर कार्यक्रम लावणारा योहान नावाचा एक हॉलंडचा माणूस नव्या जोड्या निवडायला येणार होता. विनिता तडक आमच्याकडे आली.

"दादा, ह्यो शेवटचो खेळ," ती म्हणाली. "त्या गोऱ्यान निवडलो तर निवडलो. नाय जाल्यार सोमारी साईश तुझ्या फॅक्टरीत खोके चिकटवूक येतलो!"

"आते, आनी मी एकटी कितें करू?" गौरवी रडवेली झाली.

"तू बी.एड. कर गे बाये. पोरांक शिकय, ठक्-ठक्-सूं!"

कारखान्यातली ती जागा बहिणीच्या आग्रहावरून मीच बोलून ठेवली होती. म्हणजे बळी पोरांचा आणि सुरी मामाच्या हातात!

"आदीं देवाक नारळ, मागीर बटन!" विमलाने निकाल दिला.

गौरवीने कपाळाला हात लावला. "बाबा, नारळ ठेव. पूण स्टेजीच्या फाटल्यान, गुपचूप. आनी गाऱ्हाणां मनात घाल. मनात!"

"मनातच!" मी शब्द दिला. खरोखरच दिला होता हो!

महोत्सवाच्या दिवशी मी धोतर नेसलो, उपरणं घेतलं, कपाळाला गंध लावलं आणि सगळ्यांना घेऊन मांद्र्याला पोचलो. गाडीतून उतरल्यावर विमला म्हणाली, "नारळ खंय?" नारळ घरी! तसाच उलटा तुयेंला गेलो, नारळ घेतला आणि परत आलो, तोवर पोरांनी बटन दाबलं होतं. नारळाआधी!

स्टेजच्या मागे परेश नावाचा एक माणूस होता. कानाला डबी, कमरेला डबी, आणि ओरडून ओरडून घसा बसलेला. स्पीकरच्या दणदणाटात त्याने माझं धोतर, गंध, नारळ असं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कौतुकाने विचारलं, "तुम्ही व्होकल?"

"लोकल?" मी छाती पुढे काढली. "शंभर टक्के लोकल! तुयेंचो!"

"मस्त!" म्हणत त्याने माझ्या उपरण्याला जांभळाएवढी एक काळी वस्तू अडकवली. मी म्हटलं, वा! स्थानिकांना बिल्ला देतात, गावच्या माणसाची कदर आहे! आणि ऐटीत पायऱ्या चढून पोरांच्या पाठीमागे, वायरींच्या गुंत्यात जाऊन उभा राहिलो.

समोरचं दृश्य मात्र बरं नव्हतं. वाळूवर दोन-तीन हजार माणसं पसरली होती आणि पसरलेलीच होती. कोणी उठत नव्हतं. एका बाजूला सतरंजीवर विमला आणि विनिता बसल्या होत्या, त्यांच्यामागे आमचे पेडण्याचे टॅक्सीवाले आणि चहाचे गाडेवाले. मधोमध ताडासारखा उंच योहान उभा. त्याने जांभई दिली. त्या जांभईत मला माझ्या भाच्याचा सोमवार दिसला!

पोरं जीव तोडून वाजवत होती. साईशच्या कपाळावरून घाम ठिबकत होता. आवाज चढत गेला, चढत गेला, आता फुटणार असं वाटलं आणि... बंद! एकदम शांतता!

झालं, वीज गेली! आता तुम्ही म्हणाल, नाचाच्या संगीतात मुद्दाम असं थांबतात, लोकांचा श्वास रोखतात आणि मग धाडकन पुढचा ठेका पाडतात, त्याला ड्रॉप म्हणतात. तुम्हाला ठाऊक असेल. मी खोक्यांच्या कारखान्यातला माणूस! यंत्र थांबलं की मला दोनच गोष्टी सुचतात, फ्यूज आणि देव. फ्यूज दिसत नव्हता. मी नारळ उंच धरला, डोळे मिटले आणि मनातलं मनात राहिलं नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"बा देवा म्हाराजाऽऽ... म्हाराजाऽऽ... जाऽऽ..." आकाशातून आवाज आला!

मी डोळे उघडून वर पाहिलं. इतकी वर्षं गाऱ्हाणी घातली, पण देव उलट बोलल्याचं हे पहिल्यांदाच! त्या बिल्ल्यातून माझाच आवाज साईशच्या यंत्रात जाऊन घुमून बाहेर पडतोय, हे त्या घटकेला ब्रह्मदेवालाही सुचलं नसतं.

"आमच्या बारा राठीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

आणि सतरंजीवरून, जन्माच्या सवयीने, विमला आणि विनिता गरजल्या, "व्हय म्हाराजा!" त्यांच्यामागून टॅक्सीवाले आणि गाडेवाले, "व्हय म्हाराजा!"

धप्! साईशने त्या आवाजाखाली ठेका टाकला. गौरवीने माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मी जन्मभर विसरणार नाही, पण तिचीही बोटं बटणांवर पळायला लागली होती.

"ही तुझी पोरां आयज तुझ्या पायांकडे उबी आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता वाळूवर पसरलेले गोरे पर्यटकही उठून उभे राहिले. अर्थ कळायची गरजच नव्हती! धप्! धप्!

मला काय चढलं ते देव जाणे. "ह्या पोरांच्या वाटेर जो कोण आडवो येयत, मगे ती माझी सख्खी भैण विनिता कित्या आसाना, तिका सुबुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत वरचा आवाज विनिताचा! म्हणून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला, पण बाण सुटला होता. देवासमोर, हजारो साक्षीदारांत, तिने स्वतःच मान्यता दिली होती!

तिथेच थांबलो असतो तर आज सुखी असतो. पण गाऱ्हाण्यात शेवटी आपण काय देणार ते सांगावं लागतं. "काम फत्ते जाल्यार हांव एक सोमार नुस्तें सोडीन, म्हाराजा!" नुस्तें म्हणजे मासे. "व्हय म्हाराजा!" असा गडगडाट झाला की सोमवार मला फारच कंजूषपणाचा वाटला. "एक म्हयनो सोडीन!" गडगडाट दुप्पट! लिलावात माणूस चेकाळावा तसा मी चेकाळलो. "एक वरस! आयच्यान एक वरस नुस्तें तोंडात घालचंय नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" किनारा हादरला. आणि मी नारळ समोरच्या काळ्या दगडावर दाणकन फोडला.

तो दगड नव्हता. स्पीकर होता! पाणी वायरींत गेलं, फट् झालं आणि या खेपेला खरंच सगळं बंद पडलं.

"मामा!" साईशच्या तोंडून तेवढंच निघालं. परेश डोकं धरून खाली बसला. वाटलं, जमीन दुभंगावी. पोरांना सोमवारात मीच ढकललं होतं!

पण माणसं थांबेनात हो! हजारो माणसं, वीज नाही, यंत्र नाही, आणि नुसत्या टाळ्यांवर "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" मग माझी गौरवी, जी घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत पळते, ती स्टेजच्या टोकाला गेली. तिने एक हात वर केला. सगळे गप्प. हात खाली आणला. सगळे एकदम उसळले! ती ठेका हळू करायची, माणसं हळू व्हायची. ती वाढवायची, वाळू उडायची. मागे सूर्य समुद्रात उतरत होता आणि माझी पोर तीन हजार माणसं बोटावर खेळवत होती. मी फुटकी करवंटी हातात घेऊन बघत राहिलो. माझ्या घरात ही कोण वाढत होती आणि मला पत्ताच नव्हता! साईशने तेवढ्यात वायरी बदलल्या आणि तिचा हात खाली यायला आणि ठक्-ठक्-सूं धाडकन परत यायला एकच गाठ पडली. विनिता सतरंजीवर उभी राहून नाचत होती. विनिता!

खेळ संपल्यावर योहान धावत आला. आधी त्याने मला वाकून नमस्कार केला, मग पोरांशी बराच वेळ बोलला.

"मामा, युरोप!" साईश ओरडला. "तेका तुझां गाऱ्हाणां जाय!"

माझंच गाऱ्हाणं हवं! मी मान खाली घालून, नम्रपणे विचारलं, "मगे माझो पासपोर्ट...?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बाबा," गौरवी हळूच म्हणाली, "आवाज रेकॉर्ड जालो न्हय? आवाज पुरो म्हणता तो. माणूस नाका."

असो. ती दोघं आता तिकडेच असतात, आज ह्या शहरात, उद्या त्या. व्हिडिओ येतात. बर्फाच्या देशातली माणसं कोट-टोप्या घालून माझ्या आवाजावर "व्हय म्हाराजा!" करतात आणि मी दर वेळी तोंड उघडं टाकून बघतो. विनिता तर लाटंबार्शाच्या प्रत्येक घरात मोबाइल घेऊन फिरते आणि सांगते, "हांवच पयली म्हणालंय, आयक माझो आवाज!"

मी मात्र वर्षभर डाळ-भात गिळला. वर्ष संपलं त्या सकाळी स्वतः बाजारात जाऊन रसरशीत बांगडे आणले. विमलाने ते तळायला घेतले. आणि माझ्या ताटात दोडक्याची भाजी वाढली!

"विमला, वरस जालां!"

"कसलां जालां? काल बर्लिनात गाणां वाजलां न्हय? तूं परत म्हणालं, आयच्यान एक वरस! आनी धा हजार लोकांनी व्हय म्हाराजा म्हटलां! देवाक कितें सांगतलं, रेकॉर्डिंग म्हणून? आयच्यापासून परत एक!"

म्हणजे निरो जोवर गाजते आहे, तोवर माझं नुस्तें बंद! मी तडक साईशला फोन लावला. "बाबा रे, तेवढां नुस्त्याचां वाक्य काडून उडय!"

"मामा, खुळो जालं?" तिकडून तो म्हणाला. "ड्रॉप थंयच पडटा!"

फोन ठेवला आणि देवापुढे हात जोडून उभा राहिलो. पोरांचं असंच चालू दे, म्हाराजा, म्हटलं, सगळं जग नाचू दे, फक्त माझं तेवढं नुस्त्याचं बघ. मोठ्याने म्हणायची आता सोय नाही. गावात मी तोंड उघडलं की लोक मोबाइल काढून उड्या मारायला लागतात. म्हणून हे गाऱ्हाणं गौरवीला दिलेल्या शब्दाप्रमाणे मनातच घातलं. पण मनात घातल्यावर 'व्हय म्हाराजा' कोण म्हणणार? स्वयंपाकघरात तेवढा तव्यावरचा बांगडा चुर्र झाला.