फोटोतला डाग

परबकाकांच्या दाराची बेल वाजवली की आधी भिंगातून नीट पाहिलं जातं आणि मग आतून प्रश्न येतो, "कोण?" मी समोरच्याच दारात राहतो. रोज दिसतो. तरी विचारतात.

चारकोपच्या आमच्या सोसायटीत काकांचा संशय प्रसिद्ध आहे. एका कोळणीकडचं पापलेट दुसऱ्या कोळणीला दाखवून ताजं आहे का विचारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. दोघींच्या शिव्या खाऊन येतात आणि वर म्हणतात, "ह्येच्यात कायतरी गोम आसा."

दिवाळीनंतर काकू बोलेनाशा झाल्या. जेवण सुटलं, झोप उडाली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा एमआरआय सांगितला. गाठबिठ नाही ना ते आधी बघू, मग उपचार ठरवू, म्हणाल्या. काका बिथरले. दुखणं मनाचं, मग फोटो डोक्याचा कशाला? नक्की कमिशन असणार. तरी मला सोबत घेऊन काकूंना बोरिवलीला नेलंच.

तिथे काकूंना मंगळसूत्र काढायला सांगितलं. लॉकरवर भरवसा नाही, म्हणून काकांनी ते मुठीत धरलं. आत यंत्राची ठकठक सुरू झाली तसे दाराला कान लावून, हे लोक नेमकं काय ठोकतायत, असं मलाच विचारत राहिले. टेक्निशियन बाहेर येताच त्याला गाठलं. आधीच्या पेशंटचं डोकं हिच्या नावावर जाणार नाही कशावरून? तो बिचारा हसला, आणि हसला म्हणून यांचा संशय पक्का झाला.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की काकूंचा आजार अशा फोटोत दिसत नाही, पण तो खराच असतो आणि औषधांनी, बोलण्याने बरा होऊ शकतो. मी निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर काका खिडकीत फिल्म उजेडाला धरून उभे. म्हटलं, आता रिपोर्टवर संशय.

"काका, सगळं नॉर्मल आहे ना? मग काय शोधताय?"

"डाग," ते म्हणाले. "डाग गावलो असतो तर बरा झाला असता. नाय गावलो, म्हणजे माझाच कायतरी चुकला."

तेवढ्यात पलंगावरून काकूंचा आवाज आला, कित्येक दिवसांनी, अगदी बारीक.

"त्या फोटोत काय बघतास? माका इचारा."

काकांनी फिल्म खाली ठेवली आणि ते काकूंच्या पायाशी बसले. साऱ्या जगाची उलटतपासणी घेणाऱ्या या माणसाला आता एकही प्रश्न सुचत नव्हता. शेवटी म्हणाले, "पेज करू तुका?"