एका माणसाचं मीठ

परबकाकांना दोनशे माणसांच्या खाली स्वयंपाक येत नाही. चेष्टा नाही, मी त्यांच्या घरी पोळ्या करते म्हणून सांगते.

काका फौजेत लांगरी होते, म्हणजे स्वयंपाकी. त्यांची पलटण सारखी पुरात, भूकंपात मदतीला जायची. त्यामुळे हातात बंदूक कमी, झारा जास्त. उभी नोकरी छावणीतल्या लोकांना जेवू घालण्यात गेली. आता निवृत्त होऊन काकू आणि शीतलताई, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, यांच्याबरोबर लालबागच्या चाळीत दोन खोल्यांत राहतात. पण मूठ अजून छावणीतच आहे. मीठ मुठीनं टाकतात.

काकूंचा खांदा धरला तेव्हा काकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आठवडाभर अख्खा मजला खिचडी खात होता. शेवटी शेजारच्यांनी हात जोडले आणि काकूंनी पोळ्यांना बाई हवी म्हणून सगळीकडे सांगितलं.

मी वाशीमकडची. सातवीनंतर शाळा सुटली. मुंबईत ओळखीचं कुणी नाही, काम मिळतं की नाही या धास्तीनं दारात उभी होते. काकांनी पाट दाखवला आणि ताट पुढे सरकवलं.

"काका, माझं नाव..."

"आधी जेव, मग नाव सांग. उपाशी माणसाला प्रश्न विचारायचे नसतात, बाय."

मला वाटलं, हीच परीक्षा असेल. घाबरून सगळं संपवलं, तर त्यांनी आणखी वाढलं. आतून काकू ओरडल्या, "अहो, पोरीला कामाला ठेवायचीय, फुगवायची नाहीय!"

हा नियम सगळ्यांना लागू. मीटर बघायला आलेला, कुरिअरवाला, मतं मागायला आलेले, सगळे आधी जेवतात. एकदा एक जोडपं भरपेट जेवलं आणि हात धुताना म्हणालं, "सावंतांकडे साखरपुडा आहे ना? बाकीची मंडळी कुठायत?" सावंत वरच्या मजल्यावर राहतात.

काकांच्या हातचं खात नव्हत्या त्या फक्त शीतलताई. भांडण नव्हतं. काकांनी झारा उचलला की, "पप्पा, मला भूक नाही," एवढंच.

एकदा कणीक मळताना काकूंनी सांगितलं. ताई पहिलीत होत्या तेव्हा एकदा पावसात दादरच्या हिंदमाता चौकात कमरेएवढं पाणी भरलं. काकू कामावरून येताना तिकडेच अडकल्या. ताई शेजारच्या आजींकडे जेवल्या, तिथेच रडून झोपल्या. "आणि हे कुठे? दुसऱ्या राज्यात पुरातल्या लोकांना भात वाढत होते. पुण्याचंच काम गं, मी कधी बोलले नाही. पण पोरीनं तेव्हा विचारलं होतं, आपल्याकडच्या पाण्यात पप्पा का नाही येत?"

गेल्या महिन्यात ताईंची बंगळुरूला बदली झाली. जायच्या आधीच्या आठवड्यात काकू देवळात गेल्याचं बघून काका ओट्यापाशी आले. आवाज खाली.

"बाय, एका माणसाचं मीठ किती गं?"

मनात आलं, हे शिकले तर मला कशाला ठेवतील? पण ज्यानं नाव विचारायच्या आधी जेवू घातलं, त्याला नाही कसं म्हणू? मी त्यांच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं.

काका बघतच राहिले. "एवढंच? एवढं तर माझ्या हातून सांडतं!"

मग रोज काकू देवळात गेल्या की आमचा वर्ग भरायचा. बिघडलेलं सगळं आम्ही दोघांनी गुपचूप खाल्लं. पुरावा ठेवायचा नाही, ही काकांची अट.

जायच्या दिवशी सकाळी काकांनी स्वतः घावन काढलं, बटाट्याची सुकी भाजी केली आणि फळीवरून एक छोटा गोल डबा उतरवला. त्यात एक घावन आणि दोन चमचे भाजी भरली.

"काका, एवढ्यानं काय होणार?"

"पुरे. तिला एवढंच लागतं."

मी आणखी एक घावन घालायला हात पुढे केला, तर काकूंनी तो धरला. हळूच म्हणाल्या, "राहू दे. तो तिचा पहिलीतला डबा आहे. त्यांच्या लेखी ती अजून तेवढीच आहे."

ताईंनी डबा बघितला. "पप्पा, मला..." म्हणाल्या आणि थांबल्या. मग डबा पर्समध्ये टाकून निघाल्या.

त्या दिवशी काका खुर्चीतून हलले नाहीत. कुरिअरवाला आला, जरा घुटमळला आणि उपाशीच परत गेला.

दुपारी फोन आला. काकूंनी स्पीकर लावला.

"पप्पा, डबा कुणासाठी भरला होतात? चार घासांत संपला!"

काका ताडकन उभे राहिले. एवढ्या नोकरीत ही तक्रार त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"कमी पडलं?"

"कमीच! मीठ मात्र बरोबर होतं. दिवाळीला येईन, तेव्हा जरा जास्त करा."

"करतो," काका म्हणाले. पुढचं काकूंनीच बोलून फोन ठेवला.

काका ओट्यापाशी आले. मिठाची बरणी उघडली, चिमटीत मीठ घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

"बाय," ते म्हणाले, "मोठ्या झालेल्या मुलीचं मीठ किती गं?"