गुरुजींचे फुटाणे

पिंपळवंडीत आमच्या शेजारी राहणारे बबनगुरुजी मोठ्या माणसांना फुटाणे देत. लहान पोरांना खाऊ देणारे पुष्कळ असतात. हे मात्र पोस्टमन, वायरमन, सोसायटीचे चेअरमन, कुणालाच सोडत नसत. तुम्ही त्यांच्या अंगणाचं फाटक आठवणीनं लावलंत की त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात जाई आणि एक फुटाणा तुमच्या तळहातावर पडे. फाटक उघडं टाकलंत तर रागावणं नाही, काही नाही. नुसते आभाळाकडे बघत बसत. मी दोन पोरांचा बाप, दूध डेअरीत सुपरवायझर; पण खोटं कशाला बोलू, त्या एका फुटाण्यापायी मी दिसेल ते फाटक लावत सुटलो होतो.

“सवय लावावी लागती, राव,” गुरुजी म्हणत. “आन बक्षीस लगीच हातावर पडलं पायजे. उशीर झाला का जीव इसरतो, कशापायी मिळालं ते.”

डी.एड.ला असताना बालमानसशास्त्राचा पेपर त्यांच्या मनात भरला होता. बाकीचे मास्तर परीक्षा झाली तसे ते विसरले. गुरुजींनी ते शास्त्र जन्मभर शाळेवर वापरलं, आणि निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही तेव्हा म्हशीवर.

म्हैस पान्हा चोरायची. गुरुजींनी रोज सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की तिच्यापुढे पेंड ठेवायला सुरुवात केली. हळूहळू नुसत्या बातम्या ऐकूनच ती पान्हा सोडू लागली. गाव बघायला लोटलं. पण एका सकाळी रेडिओचे सेल संपले आणि म्हैस ढिम्म. गुरुजी कुंपणावरून ओरडले, “भाऊ, पळत या! येताना कालचा पेपर आना!” मग मी गोठ्यात उभा राहून, घसा खाकरून, अगदी रेडिओतल्या आवाजात म्हशीला अर्थसंकल्पाची बातमी वाचून दाखवली. तिनं दूध दिलं. मला फुटाणा मिळाला.

यावरून गुरुजींचं घर हसतंखेळतं वाटेल. तसं ते नव्हतं. त्यांच्या पत्नी केव्हाच वारल्या होत्या. एकुलता एक मुलगा अविनाश बडोद्याला कंपनीत होता. मोबाइल अजून यायचे होते, गुरुजींकडे साधा फोनही नव्हता, म्हणून त्याचा फोन आमच्याकडे यायचा, रविवारी सकाळी. आधी दर रविवारी. मग त्याचं लग्न झालं, पोरं झाली, ओव्हरटाइम लागला, आणि फोन कधीतरी येऊ लागला. गुरुजी मात्र दर रविवारी धुतलेली टोपी घालून आमच्या ओसरीवर हजर. “पेपर वाचाया आलो,” म्हणायचे. पेपरचं पान काही उलटत नसे. फोन वाजला की आधी उठून उभे राहायचे. डेअरीतून माझ्यासाठी असला की पुन्हा बसायचे.

एकदा मी चेष्टेत म्हणालो, “गुरुजी, तुमचंच शास्त्र ना? बक्षीस बंद झालं की सवय मोडते.”

“साफ बंद झालं तर मोडती,” ते म्हणाले. “पन कवातरी मिळत ऱ्हायलं ना, मंग न्हाई मोडत. लई चिवट व्हती ती.”

ते हसले नाहीत.

त्या साली दिवाळीलाही फोन आला नाही. त्यानंतरचे कितीतरी रविवार तसेच गेले. गुरुजींचा चहा टाकताना माझ्या बायकोला वाईट वाटायचं. मग एका रविवारी फोन वाजला आणि ती आतून ओरडली, “गुरुजी, अविनाश!”

गुरुजींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “हां... हां. मी बरा हाय. म्हस बी बरी हाय. तू येळंवर जेवतो ना?” तेवढ्यात तिकडून फोन ठेवलासुद्धा. गुरुजींचा हात सवयीनं खिशात गेला. मूठभर फुटाणे बाहेर आले, आणि मूठ तशीच धरून ते फोनकडे बघत राहिले.

“लगीच द्याया पायजे,” ते म्हणाले. “बडोद्याला कसं देऊ, भाऊ?”

त्यांनी सगळे फुटाणे फोनशेजारी ठेवले, टोपी सारखी केली आणि निघाले. जाताना आमचं फाटक आठवणीनं लावलं.

मी त्यातला एक फुटाणा उचलून पळत गेलो आणि फाटकावरून त्यांच्या तळहातावर ठेवला. गुरुजींनी त्याच्याकडे नीट बघितलं, तोंडात टाकला, सावकाश चावला.

“येतो मंग,” ते म्हणाले, “पुढच्या रविवारी.”