चार वायर, चार फ्लॅग

केंद्र सरकारच्या नोकरीत मला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत मी एकही निर्णय एकट्याने घेतलेला नाही. मी सेक्शन ऑफिसर आहे. आमच्याकडे आम्ही फाईल 'पुट अप' करतो, ती वर जाते, वरून आणखी वर जाते, आणि काही बिनसलंच तर पहिली सही कुणाची होती हे सापडेपर्यंत सगळे रिटायर झालेले असतात. (या पद्धतीला नावं ठेवणाऱ्याने एकदा तिच्या आत बसून बघावं. फार उबदार असतं.) पण गेल्या फेब्रुवारीत मी आयुष्यातला पहिला स्वतंत्र निर्णय घेतला. गाडीचे स्पार्क प्लग आपणच घरी बदलायचे.

त्याला कारण माझे सासरे. संपतराव फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, सगळी नोकरी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. आमची पांढरी गाडी मूळची त्यांचीच. पाच वर्षांपूर्वी त्यांनी ती लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, वृंदाला दिली. तेव्हापासून ते साताऱ्याहून आम्हाला दिल्लीला फोन करतात तो आधी गाडीची तब्येत विचारायला, मग वृंदाची, आणि वेळ उरला तर माझी. अशाच एका फोनवर आमच्या बारा वर्षांच्या अक्षयाने त्यांना सांगून टाकलं, "आजोबा, गाडी ना बिल्कुल झटके मारते. मला तर उलटीच आली यार."

मामा, म्हणजे सासरेच, लगेच म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो. गाडी बघतो. जावईबापूंना झेपत नसेल तर विश्वजितला देऊन टाकू."

विश्वजित माझा मेहुणा. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये हवालदार आहे आणि नव्या जवानांना ट्रक चालवायला शिकवतो. माझ्याशी तो फार अदबीने बोलतो, त्यामुळे मला तो अजिबात आवडत नाही.

"गाडी गेली ना," वृंदा म्हणाली, "तर मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नात मी काय सांगू? वडिलांनी दिलेली गाडी नवऱ्याला सांभाळता आली नाही म्हणून भावाकडे गेली?"

त्या रात्री मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. गाडी झटके मारते म्हणजे स्पार्क प्लग खराब, आणि ते बदलायला लागतात सात मिनिटं. शनिवारी मी कश्मीरी गेटच्या पार्ट्सच्या बाजारात गेलो.

"कौन सी गाड़ी है?" दुकानदाराने विचारलं.

"सफ़ेद," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मोबाईलमधला गाडीचा फोटो बघितला आणि चार प्लग आणि ते उघडायचा लांब पाना पुढे ठेवला.

रविवारी मामांची ट्रेन निजामुद्दीन स्टेशनवर बाराला येणार होती. मी नऊला लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरखाली बॉनेट उघडलं. इंजिनवर चार काळ्या वायर ओळीने खोचलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली एकेक प्लग. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, एका वेळी एकच वायर काढा, तिचा प्लग बदला, वायर परत लावा, मग दुसरी. पण एकेक प्रकरण सुटंसुटं निकालात काढायचं, ही आमची कार्यपद्धती नव्हे. मी चारही वायर एकदम काढल्या. मात्र बेशिस्त नको म्हणून ऑफिसातून आणलेले रंगीत चिकट फ्लॅग त्यांना लावले, ए, बी, सी, डी, आणि कागदावर रीतसर टिपण लिहिलं की फ्लॅग 'ए' एक नंबरच्या जागी, फ्लॅग 'बी' दोन नंबरच्या, याप्रमाणे पुढे.

जुने प्लग निघाले, नवे बसले. मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की मी वृंदाला खाली बोलावलं.

"छान," ती म्हणाली. "आता एक नंबरची जागा कुठली?"

"डावीकडची."

"तुमच्या डावीकडची की गाडीच्या?"

मी विचारात पडलो. मी गाडीकडे तोंड करून उभा होतो, म्हणजे माझं डावं ते गाडीचं उजवं. टिपण लिहिताना मी कुणाची बाजू घेतली होती हे टिपणात नव्हतं.

"इंजिनवर खुणा का नाही केल्या?"

"वृंदा, फ्लॅग कागदाला लावतात. कपाटाला नाही."

"मग एकदा असं लावून बघा, नाहीतर तसं. दोनच तर शक्यता आहेत."

बायकांना सगळं सोपं वाटतं. दोन पर्यायांतून एक निवडणं हे माझ्या पातळीवरचं काम नाही. मी वर जाऊन दुसऱ्या मजल्यावरच्या विजयालक्ष्मी मॅडमना घेऊन आलो. त्या चेन्नईच्या, आमच्याच मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. त्यांनी चष्मा लावून माझं टिपण दोनदा वाचलं. इंजिनकडे बघितलं नाही.

"इसमें प्रिसिडेंट क्या है? पिछली बार किसने बदला था?"

"मेरे ससुरजी ने."

"तो उनके कमेंट्स मँगवाइए."

"मॅडम, वो ट्रेन में हैं. और उनके आने से पहले ही तो करना है."

"अच्छा. फिर तो कमिटी बनानी पड़ेगी."

कमिटी तीन जणांची झाली. मॅडम अध्यक्ष, मी, आणि तळमजल्यावरचा अंशुमन, जो पाटण्याचा आहे आणि अर्थ विभागात असल्यामुळे कशालाही नाही म्हणू शकतो. मॅडमचं मत गाडीच्या डावीकडून मोजावं असं पडलं. मी माझ्या डावीकडून म्हणत होतो. वृंदाला सदस्य नसल्यामुळे मत नव्हतं. तिने चहा केला. साडेअकराला अंशुमनने तोडगा काढला.

"देखिए सर, किनारेवाली दो आपके हिसाब से लगा दीजिए. बीचवाली दो मॅडम के हिसाब से."

कुणाचाच मान जात नव्हता. असा सुंदर तोडगा मी मंत्रालयातही क्वचित पाहिला आहे. ठराव एकमताने झाला, त्याचा मसुदा होऊन तिघांच्या सह्या पडेपर्यंत साडेबारा वाजले आणि मी त्याप्रमाणे वायर लावून किल्ली फिरवली.

गाडी आधी खोकली. मग तिच्या मागून एवढा मोठा बार निघाला की बाल्कनीत वाळत घातलेल्या पापडांवरची कबुतरं उडाली आणि गेटवरचा गार्ड शिट्टी फुंकत धावत आला. मॅडमना घरून फोन आल्याचं आठवलं. अंशुमन म्हणाला की त्याची सही 'केवळ पाहिले' अशा अर्थाची होती. दोन मिनिटांत कमिटी विसर्जित झाली.

तेवढ्यात गेटपाशी ऑटो थांबली आणि हातात ट्रंक घेऊन मामा उतरले. पाऊण वाजला होता. त्यांना स्टेशनवर घ्यायला जायचं मी साफ विसरलो होतो.

मी पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला, पण नजर बॉनेटवर. ट्रंक वृंदाकडे दिली, बाह्या सरसावल्या आणि एका वायरीवरचा फ्लॅग सोलून काढला. त्याखालची धूळ अंगठ्याने पुसली. तिथे पांढरा आकडा होता.

"कंपनी प्रत्येक वायरवर नंबर छापते, जावईबापू," ते म्हणाले.

मी चारही फ्लॅग नेमके त्या आकड्यांवर चिकटवले होते.

पुढच्या चार मिनिटांत मामांनी एक नंबर इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूने धरून चारही वायर लावल्या. किल्ली फिरली आणि गाडी हळू आवाजात सुरू झाली. मामांनी मी काढलेला एक जुना प्लग उचलून उन्हात धरला.

"टोक बघा. बिस्किटाच्या रंगाचं आहे. हा प्लग ठणठणीत होता. मग झटके कशाने बसतात?"

ते स्वतः गाडीत बसले, आम्हा सगळ्यांना बसवलं आणि कॉलनीला एक चक्कर मारली. झटका म्हणून नाही. अक्षया मागे शांतपणे मोबाईल बघत होती. परत आल्यावर ते बाजूच्या सीटवर सरकले.

"आता तुम्ही."

मी निघालो. माझी पद्धत साधी आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी मी लवकरात लवकर चौथ्या गिअरमध्ये जातो. (यासंबंधी एक जुनं परिपत्रकही आहे.) गेटपर्यंतच्या पन्नास पावलांत गाडी सात वेळा थडथडली आणि तीनदा बंद पडली.

"आजोबा, हेच ते झटके," अक्षया मागून म्हणाली.

मामांनी मला थांबायला सांगितलं आणि खिशातून फोन काढला. वृंदा खिडकीबाहेर बघत होती, आणि मला खरंच वाईट वाटलं. गाडीचं नव्हे, तिचं.

"विश्वजित," मामा म्हणाले, "गाडीत काही दोष नाही. ती वृंदाकडेच राहील."

वृंदाने माझा खांदा दाबला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण ऑफिसातून प्रमोशनची ऑर्डर आली तेव्हाही मला एवढं हलकं वाटलं नव्हतं. मी मनात विश्वजितला माफही करून टाकलं.

"तुझ्याकडे नव्या पोरांचा वर्ग रविवारी सकाळी सहाला असतो ना?" मामा फोनवर पुढे बोलत होते. "एक माणूस पाठवतो. वय सत्तेचाळीस. सुरुवात पहिल्या गिअरपासून कर."

पलीकडून विश्वजितने अदबीने विचारलं, किती दिवसांसाठी.

"चालवता येईपर्यंत," मामा म्हणाले.

तर अशा रीतीने गाडी आमच्याकडे राहिली, आणि विश्वजितला मी देण्यात आलो.