पांढरा धूर आणि अर्धी कढी

गाडीचा धूर बघून मी तिचं दुखणं सांगू शकतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जळतंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि पांढरा म्हणजे कूलंट इंजिनात शिरलंय, नातेवाइकांना कळवा. हे ज्ञान मी मोबाइलवर तीन व्हिडिओ बघून मिळवलं. मिस्त्री लोक त्यासाठी उगाच वीस वर्षं हात काळे करतात.

आमचा पिकअप तीन महिन्यांचा. बायको, मंदा, भाईंदर पूर्वेला केटरिंग करते आणि मी जेवण पोचवतो. त्या रविवारी चेण्याला हळदीचं जेवण होतं, दोनशे पानांचं. सगळी पातेली चढवून मी चावी फिरवली आणि मागून पांढराशुभ्र धूर आला. नाटकात देव प्रकट होण्याआधी सोडतात तसा.

मी लगेच गाडी बंद केली. "हेड गॅस्केट गेलं."

"म्हणजे?" मंदाने विचारलं.

"म्हणजे चेणं यायच्या आत इंजिन जाम."

दुसऱ्या मजल्यावरचे यतीनभाई खाली आले. त्यांचं साड्यांचं दुकान आहे, त्यामुळे इंजिनातलं त्यांना माझ्याइतकंच कळतं. "एकदम बराबर," ते म्हणाले. "सफेद धुआं, खेल खतम."

"दोन मिनिटं चालू ठेवून तर बघ," मंदा म्हणाली.

व्हिडिओ न बघितलेल्या माणसाशी काय वाद घालणार?

जेवण तीन रिक्षांत हलवलं. तिसरीत मंदा, पायांत कढीचं पातेलं धरून. काशीमीऱ्याच्या वळणावर अर्धी कढी तिच्या साडीने प्यायली. मी मागून येतच होतो, पिकअप ओढून नेणाऱ्या क्रेनमध्ये बसून.

गॅरेजात रामू मिस्त्रीने गाडी चालू केली. मिनिटभर धूर आला, मग थांबला. त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, हुंगला.

"भाप है. कूलंट होता तो मीठी बास आती. अंदर पानी कैसे गया?"

मी रोज संध्याकाळी गाडी धुतो. सायलेन्सरसुद्धा, आतून, पाइप घालून. नवी वस्तू आतूनही स्वच्छ हवी.

"बारिश," मी म्हणालो.

"जनवरी में?"

तेवढ्यात मंदाचा फोन आला. "कढी कमी पडली. नवरीचा मामा दोनदा विचारून गेला. काय निघालं गाडीत?"

"मोठं काम होतं. वेळेत आणली म्हणून वाचली."

"मिस्त्रीला फोन दे."

मी निर्धास्तपणे दिला. मंदाचं हिंदी कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे जात नाही. तिला भाप आणि बास काय कळणार?

रामूने फोन कानाला लावला, दोन क्षण ऐकलं आणि स्टुलावर ऐसपैस बसला.

"वहिनी, मराठीतच बोला. मी संगमेश्वरचा. आता पहिल्यापासून सांगतो."