बर्फात घोंगडं

चाळीस वर्षं मेंढरांमागं आटपाडीपासून कोकणापर्यंत पायपीट केलेल्या माणसाला कुणी चालायला शिकवायचं, म्हणजे हद्दच झाली! धुळाला तो आपला सरळसरळ अपमान वाटला. आणि शिकवत कोण होतं? पोटचा पोरगा, पप्पू!

पप्पूचं हिमाचलात सोनं-चांदी गाळायचं, म्हणजे गलाईचं, दुकान होतं. आटपाडीकडची पोरं या धंद्यात देशभर पांगलेली. हा थेट डोंगरात जाऊन बसला. दिवाळीनंतर त्यानं आईबापाला बोलावून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी मोसमातला पहिला बर्फ पडला. पप्पूनं हौसेनं बर्फावर चालायचे जाळीचे बूट आणले.

"आबा, वरच्या देवळापतुरच जावा. शेजारच्या मेंढपाळाचा शेरू संगं येईल, त्याला वाट ठावं हाय. आन् हे जाकीट घाला."

"जाकीट तुझ्या आईला दे. मला माझं घोंगडं बास हाय! आन् कुत्रं मला वाट दावणार? मी त्याला दावतो, बघ!"

घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन धुळा ऐटीत निघाला. दहाव्या पावलाला एका बुटावर दुसरा बूट पडला आणि स्वारी तोंडावर आपटली! त्याची बायको बयाबाई मात्र जाकीट घालून मजेत चालली होती.

"आवं, जरा फेंगडं चाला की!"

"मला शिकवू नगंस!"

देऊळ आलं, पाया पडून झालं, आणि परतताना धुकं उतरलं. हातातली काठी दिसेना! बयाबाईनं घोंगड्याचं टोक घट्ट धरलं.

"आता वं कसं?"

"कसं म्हंजे? डाव्या अंगानं उतरायचं. मला पाठ हाय वाट!" धुळाला काहीच दिसत नव्हतं, पण सांगतो कुणाला?

तो डावीकडं वळला. शेरू आडवा आला. "हाड्!" म्हणून धुळा पुन्हा वळला, तर शेरूनं टाचेला हलकेच दात लावले.

"तुमालाच कसं चावतंय वं? मला तर काय करत न्हाई."

"नवखं हाय. वळख न्हाई अजून."

तिसऱ्यांदा शेरूनं सरळ धडकच दिली. धुळा बसला तो बसलाच! एक बूट पायातून निसटला आणि घसरत डावीकडं गेला. मग बराच वेळ काहीच नाही. मग खाली, खूप खाली, दगडावर टक्क!

तिकडं वाट नव्हती, कडा होता.

"कुत्रं म्हणतंय तसं चला, तुमच्या पाया पडते," बयाबाई म्हणाली. धुळा निमूट उठला. एक पाय बर्फावर, दुसरा गुडघ्याएवढा आत, अशी त्याची वरात निघाली. शेरू ढकलेल तिकडं तो वळायचा. अर्ध्या तासानं एक फाटक लागलं. शेरूनं धुळाला आत घातलं. सगळीकडं ऊबदार, ओळखीचा वास. मेंढरं!

बयाबाई खुशाल बाहेर गेली. धुळा निघाला, तर शेरू फाटकात बसून गुरगुरला!

शेजारच्या घरातून पप्पू धावत आला, आईला बघून आधी रडला आणि मग बापाला बघून पोट धरून हसला. "आबा, घोंगड्याला मेंढराचा वास! शेरूनं तुमाला चुकार मेंढरू समजून हाकत आणलं!"

धुळाला राग आला नाही. त्यानं बटव्यातून भंडारा काढून शेरूच्या कपाळाला लावला, फडक्यात बांधलेली आख्खी भाकरी पुढं केली. "बाबा, तुझ्यामुळं आमी दोगं जित्ती हाय," म्हणताना त्याचे डोळे भरून आले. जाकीट घातलं असतं, तर आज काही खरं नव्हतं!

आटपाडीला आल्यावर पारावर त्यानं बर्फाच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. कोंडवाड्याची तेवढी राहून गेली. ती बयाबाईनं सांगितली. एक मात्र झालं. चुकार मेंढराला आता तो शिवी देत नाही. बिचाऱ्याला वाट पाठ असते!