तीनशे ओंडके आणि एक काटा

मार्चच्या पहिल्या रविवारी भीमराजच्या अंगणात जळाऊ लाकडाचे तीनशे ओंडके होते. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांतले चौसष्ट कमी झाले. रास मात्र वीतभरही खाली बसली नाही.

मोशीतल्या त्या गल्लीत नेमकेपणाबाबत भीमराजचा हात धरणारा कोणी नाही, असा लौकिक होता. हा लौकिक त्यानेच पसरवला होता. चाकणच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे स्टोअर सांभाळून तो नुकताच निवृत्त झाला होता. "अख्ख्या नोकरीत एक वॉशर इकडचा तिकडं झाला नाही!" हे वाक्य तो चहाबरोबर बिस्कीट द्यावे तसे प्रत्येक पाहुण्यापुढे ठेवत असे.

लाकडांना कारण होते. मुलगी नेहा बाळंतपणासाठी माणहून माहेरी येणार होती, आणि प्रभावतीने नवऱ्याला बजावले होते, "माझ्या लेकीची अंघोळ गिझरच्या पाण्यानं होणार नाही. चुलीवर हंडा चढेल. चाळीस दिवस!"

गिझरचे साठ अंशांचे पाणी आणि चुलीवरचे साठ अंशांचे पाणी यांत फरक काय, हे विचारण्याचे धाडस भीमराजने एकदाच केले. त्यानंतर तो लाकडे शोधायला बाहेर पडला.

फार लांब जावे लागले नाही. शेजारचा दत्तोबा मोशीचा मूळ रहिवासी आणि भीमराजचा वीस वर्षांचा दोस्त. दोन्ही अंगणांच्या मधल्या भिंतीत एक फाटक होते आणि ते कधी लागत नसे. दत्तोबाच्या उरल्यासुरल्या शेताच्या बांधावरची झाडे नुकतीच तोडली होती. त्याने वखारीतून फूट-फूट लांबीचे ओंडके करून आणले आणि टेम्पोच भीमराजच्या दारात उभा केला. "न्हेहा काय माझी कुनी न्हाई व्हय? तिच्या पान्याला माझंच लाकूड जळंल!"

पुढचे तीन दिवस भीमराजने लाकडांची ओळखपरेड घेतली. बाभूळ सालीवरून ओळखली. कडुनिंब ओळखण्यासाठी तो प्रत्येक संशयित ओंडका चावून पाहू लागला.

"आरं, चावतुयास काय येड्या!" भिंतीवरून दत्तोबा ओरडला. "मला इचार की!"

"माणसाचं मत बदलतं, दत्तोबा. चव बदलत नाही!" भीमराज थुंकत म्हणाला.

जे बाभूळ नव्हते आणि कडूही नव्हते, ते आंबा ठरले. कंपनीच्या भंगारातले चाकांचे चार जाळीदार पिंजरे त्याच्याकडे होते. दोन पिंजऱ्यांत बाभूळ, एकात कडुनिंब, एकात आंबा, प्रत्येकी पंच्याहत्तर नग, आणि प्रत्येक नगाला क्रमांकाची चिठ्ठी. रास अशी रचली, की ओळंबा लावला असता तर ओळंबाच वाकडा ठरला असता!

मग आला वजनकाटा, तोही कंपनीच्या भंगारातला, जमिनीलगतचा. स्टोअरमध्ये दहा हजार बोल्ट कोणी बोटांनी मोजत नाही. एकाचे वजन काढायचे, ढिगाचे वजन काढायचे, भागाकार करायचा. भीमराजने पिंजरे एकामागून एक काट्यावर लोटले. पिंजऱ्यांचे वजन वजा जाता माल नऊशे किलो, नग तीनशे, सरासरी तीन किलो. रोज सात ओंडके धरले तर चाळीस दिवसांना दोनशे ऐंशी.

"वीस शिल्लक!" तो प्रभावतीला म्हणाला. "याला म्हणतात नियोजन!"

पुढच्या रविवारी काट्याने आठशे सेहेचाळीस किलो दाखवले. भागिले तीन, दोनशे ब्याऐंशी. अठरा ओंडके गेले होते!

भीमराजने प्रथम काट्याची परीक्षा घेतली. स्वतः वर उभा राहिला. एकाहत्तर किलो, म्हणजे डॉक्टरांकडे भरले तेवढेच. काटा निर्दोष सुटला.

"रास तर तेवढीच दिसतेय," प्रभावती म्हणाली.

"चोर हुशार आहे. वरून नाही, मधून काढतो."

"मग मधे पोकळी नाही का पडणार?"

"म्हणूनच म्हटलं, हुशार आहे!"

पिंजऱ्यांना साखळी आणि कुलूप लागले. त्या आठवड्यात चौदा ओंडके गेले. कॅमेरा बसवला; अकरा गेले. माणूस दिसताच पेटणारा दिवा लावला, नऊ गेले. पिंजऱ्यांना घुंगरू बांधले, आणि गल्लीतल्या मांजरांनी आठवडाभर असा काही तमाशा रंगवला की प्रभावती कानात कापूस घालून झोपली. तरी सात गेले.

"अठरा, चौदा, अकरा, नऊ, सात!" भीमराज विजयी स्वरात म्हणाला. "प्रत्येक उपाय लागू पडतोय!" काहीच उपाय केला नसता तर काय झाले असते, हा प्रयोग मात्र त्याने केला नाही.

एक गोष्ट त्याला टोचत होती. सर्वांत जास्त घट आंब्याच्या पिंजऱ्यात होती. संध्याकाळच्या चहाला त्याने ती दत्तोबाला सांगितली.

"आंबा?" दत्तोबा बशीतला चहा सांडेपर्यंत हसला. "आरं, कडक जळनारी बाभळ सोडून आंबा न्हेनारा चोर म्या जल्मात पायला न्हाई! दुसरं कुनी सांगितलं असतं तर म्हनलो असतो, गडी भांग पिऊन आलाय!"

भीमराज हसला नाही. चोराची आवडनिवड या माणसाला इतकी कशी ठाऊक? आजवर त्याने कॅमेऱ्याचे रात्रीचेच चित्रण पाहिले होते; आता घरात जाऊन सकाळचेही तपासले. गुरुवार, सकाळचे सहा. फाटकातून दत्तोबा आत येतो. जाळीच्या वरून दोन ओंडके उचलतो, एकमेकांवर आपटतो, आवाज कान देऊन ऐकतो, मान डोलावतो आणि ते होते तसे ठेवतो. चारही पिंजऱ्यांपाशी हेच. मग रिकाम्या हातांनी परत जातो. भीमराजने हे अकरा वेळा पाहिले.

"माल निवडतोय!" तो पुटपुटला.

"पण नेलं कुठं काय?" प्रभावतीने विचारले.

"निवडणारा एक, नेणारा दुसरा. टोळी आहे, प्रभा!"

सहाव्या रविवारी आणखी पाच गेले. उरले दोनशे छत्तीस. भीमराजने भागाकार केला आणि त्याचा चेहरा उतरला. चौतिसाव्या दिवशी लाकूड संपणार होते. आठवडाभर लेकीने गार पाण्याने अंघोळ करायची? आणि तीही दत्तोबामुळे?

त्या संध्याकाळी दत्तोबा काखेत भलीमोठी पिशवी मारून फाटकातून आला. समोर भीमराज खुर्ची टाकून बसलेला.

"थांब, दत्तोबा. पिशवी दाखव."

"आं?"

"गेटचा नियम. सगळ्यांना लागू."

ही चेष्टाच आहे असे समजून दत्तोबाने शिफ्ट सुटल्यावर कामगार उभे राहतात तसे दोन्ही हात वर केले. "घ्या सायेब, तपासा!"

भीमराजने खरोखरच तपासले. दोन्ही खिसे चाचपले. मग पिशवीत हात घातला. वर डिंकाच्या लाडवांचा डबा, खाली एक बुटके, गुळगुळीत लाकडी पिढे.

"हे लाकूड कसलं?"

"बाभळीचं. त्याच झाडाचं, बुंध्याचं. न्हेहाला अंघुळीला बसाया—"

"सापडलं!" भीमराज उठून उभाच राहिला. "प्रभा, बाहेर ये! मुद्देमाल सापडला!"

दत्तोबाचे हात अजून वरच होते. ते त्याने सावकाश खाली घेतले.

"म्या दिल्यालं लाकूड म्याच चोरतुय, व्हय?"

त्याने पिढे आणि डबा पायरीवर ठेवला आणि तो निघून गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा फाटकाला पलीकडून कडी लागली.

प्रभावती दारात उभी होती. "झालं समाधान? आता मोजा."

"सकाळीच मोजलेत. काट्यानं."

"हातानं मोजा! एक, दोन, तीन! नेहाला बालवाडीत शिकवलं तसं! आणि मोजून होईपर्यंत आत पाऊल टाकू नका!"

भीमराजने साखळ्या सोडल्या. पहिल्या पिंजऱ्यात पंच्याहत्तर निघाले. दुसऱ्यातही पंच्याहत्तर. तिसऱ्यात पंच्याहत्तर आणि चौथ्यातही पंच्याहत्तर. सगळे क्रमांक जागच्या जागी होते. तीनशे! त्याने पुन्हा मोजले. पुन्हा तीनशे!

एक ओंडका त्याने काट्यावर ठेवला. दोन किलो तीनशे साठ ग्रॅम. दुसरा ठेवला, जवळपास तेवढाच.

तो रस्त्याने वळसा घालून दत्तोबाच्या दाराशी गेला. दत्तोबाची बायको कुसुमताई ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"त्ये घरात न्हाईत, भावजी."

"खोकल्याचा आवाज येतोय, वहिनी."

"व्हय, त्येच खोकत्यात. पर त्यांनीच सांगितलंय, न्हाई म्हनून सांग."

भीमराजने आत हाक मारली. "दत्तोबा! तीनशेच्या तीनशे भरले!"

आतून आवाज आला, "आन् चोर?"

"चोर इथं उभा आहे." भीमराजने दोन्ही हात वर केले. "खिसे तपास."

दत्तोबा बाहेर आला. त्याने खिसे खरोखरच तपासले. एकातून पेन आणि दुसऱ्यातून कॅल्क्युलेटर निघाला. कॅल्क्युलेटर त्याने स्वतःच्या खिशात टाकला.

"ह्ये जप्त!" तो म्हणाला, आणि मग मात्र त्याला हसू आवरेना. "आरं भल्या मानसा, वल्लं लाकूड धूर करतंय, लेकराच्या डोळ्यात जाईल. म्हनून रोज सकाळी वाजवून बघत हुतो, वाळलं का न्हाई ते! खनखनलं की वाळलं!"

"ओलं होतं?"

"मंग! तोडल्या तोडल्या आनलं हुतं तुज्याकडं. आन् आंबा तर निस्ता पान्यानं भरल्याला! चावून बघितलास की रं, कळलं न्हाई?"

भीमराज ओट्यावर बसला. कुसुमताईंनी त्याच्यापुढे लसूण सरकवला. तो सोलू लागला.

लाकडे ताजी तोडलेली होती. सहा आठवड्यांच्या उन्हात त्यांतले एकशे ब्याण्णव किलो पाणी उडून गेले. आरंभी जास्त, मग क्रमाने कमी, आणि आंब्यातून सर्वाधिक. ओंडका एकही हलला नव्हता. भागाकार प्रत्येक वेळी अचूक होता.